शहापूरच्या काकांना, नकाशा वाचायला शिकवल्याबद्दल

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे की रे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

गेल्या वर्षी बेळगावकडच्या कणकुंबीच्या रानात आम्ही तिघं चुकलो होतो. मोबाईलला रेंज नाही, नकाशाच्या जागी नुसता पांढरा स्क्रीन, आणि मी शहाणा म्हणालो पाण्याबरोबर खाली चला, गाव लागतंयच. दीड तास ओढ्यातनं उतरलो तर पुढं सरळ कडा! परत चढताना जीव गेला, शेवटी एका धनगर मामांनी रस्त्याला आणून सोडलं.

हे ऐकून तुम्ही रागावला नाहीत, कपाटातनं ४८ आय/२ आणि ४८ आय/६ अशा दोन टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणारे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे, काढून जमिनीवर कडेला कड लावून पसरल्यात, कारण कणकुंबी एकीवर नि जांबोटी गाव दुसरीवर, आणि माझंच बोट धरून तपकिरी रेषांवरनं फिरवलंत. या रेषा म्हणजे कंटूर, एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या. कंटूरच्या व्हीचं टोक चढाकडं असलं तर ओढा, उताराकडं असलं तर डोंगराची सोंड. अलीकडचं पाणी मलप्रभेतनं कृष्णेला, पलीकडचं म्हादईतनं गोव्याला, मधे डोंगरमाथ्याची एवढीशी धार. "तू चुकीच्या पाण्याबरोबर गेलास बघ." दोन रेषांत उंचीचा फरक २० मीटर, आणि आम्ही उतरलो तिथं रेषा एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे कडा आधीपासनं कागदावर होताच की!

काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा वळणावळणानं पायवाटेवर ठेवून मग स्केलवर ताणायचा, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर, हे तर मी आता सगळ्यांना दाखवत सुटलोय. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवर शीटची पीडीएफ फुकट मिळते हेपण तुम्हीच सांगितलंत, वर बजावलंत की प्रिंट १०० टक्क्यावर काढ. झेरॉक्सवाल्यानं तरी पहिल्यांदा 'फिट टू पेज' करून दिलंच, दोऱ्याचा सगळा हिशेब चुकला, परत पैसे घातले.

जानेवारीत फॉरेस्टची परमिशन काढून परत गेलो. या खेपेला धारेवरच राहिलो, दर अर्ध्या तासानं शीट उघडायची, होकायंत्र ठेवायचं, समोरची टेकडी कागदावर हुडकायची. पोरं वैतागली, पण अंधाराआधी डांबरीला लागलो.

शीटवर तुटक रेषेत दाखवलेली एक पायवाट आता झाडीत पार बुजलीय. पेन्सिलनं खूण केलीय. रविवारी येऊन दाखवतो, काकूंचा दोरापण माझ्याकडंच राहिलाय.