देखाव्यातील बंदुकीचा चाप आणि इलेक्ट्रॉनिक स्विच

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापुरातील पेठापेठांत सजीव देखाव्यांच्या तालमी सुरू होतात. सीमेवरची लढाई, क्रांतिकारकांच्या आयुष्यातील प्रसंग, पोलिसांची अतिरेक्यांशी चकमक हे विषय मंडळांच्या आवडीचे आहेत आणि त्यांत बंदुका लागतातच. पूर्वी सुताराकडून लाकडी बंदूक करून घेत आणि पडद्यामागे फटाका वाजवून आवाज साधत. आता हुबेहूब दिसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट (हवेच्या दाबाने प्लास्टिकची गोळी सोडणाऱ्या) प्रतिकृती आणल्या जातात. मालिकांच्या चित्रीकरणात आणि हौशी नाटकांतही त्या दिसू लागल्या आहेत. या प्रतिकृतींच्या चापाखाली इलेक्ट्रॉनिक स्विच बसवून देण्याचे काम माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे येते. हे काम आवश्यक आहे, परंतु ते ज्या घाईने आणि ज्या समजुतीने करून घेतले जाते त्याविषयी मला गंभीर काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

विजेवर चालणारी अशी पहिली बंदूक जपानच्या टोकियो मारुई कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि बहुतेक प्रतिकृतींची आतली रचना आजही त्याच धर्तीची आहे. मुठीतली लहान मोटर तीन दातेरी चक्रांच्या साहाय्याने पिस्टन मागे ओढते, स्प्रिंग सुटली की हवा दाबली जाते आणि ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी बाहेर पडते. जुन्या रचनेत मोटरला लागणारा सगळा प्रवाह चापाखालच्या धातूच्या दोन लहान पट्ट्यांमधून जातो. चालू मोटर १५ ते २० अँपिअर घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून बरेच अधिक. घरातली वीज एसी असल्यामुळे तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि स्विच बंद करताना पडलेली ठिणगी विझायला त्याची मदत होते. बॅटरीच्या डीसी प्रवाहात शून्याचा क्षण येतच नाही, त्यामुळे ठिणगी अधिक वेळ टिकते आणि दर वेळी पट्टीचा थोडा थोडा भाग जाळत राहते. देखाव्यात एकाच संध्याकाळी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सादर होतो, हे लक्षात घेतले म्हणजे उत्सव संपायच्या आत या पट्ट्या काळ्या का पडतात ते समजते. अशा काळ्या पट्टीचा रोध ०.१ ओहमवर गेला, तर १५ अँपिअर प्रवाहाला तेथे २२ वॅटहून अधिक उष्णता तयार होते, म्हणजे जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही कलाकाराच्या मुठीपाशी, प्लास्टिकच्या आवरणात.

यावर मॉसफेट, म्हणजे लहान संकेतावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, हा चांगला उपाय आहे. चापाने केवळ काही मिलिअँपिअरचा संकेत द्यायचा, एक साधा मायक्रोस्विच तेवढ्याला पुरतो, आणि मोटरचा भार मॉसफेटने उचलायचा. चालू अवस्थेतला त्याचा रोध ३ मिलिओहमच्या आसपास असेल तर त्याच १५ अँपिअरला एक वॅटसुद्धा उष्णता होत नाही. मात्र हा घटक निवडताना हलगर्जी चालत नाही. दोन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे व्होल्टेज ७.४ धरले जाते आणि वापरता वापरता ते ६ पर्यंत उतरते. ज्या मॉसफेटला पूर्ण चालू होण्यासाठी गेटवर, म्हणजे संकेत घेणाऱ्या टोकावर, १० व्होल्ट लागतात, तो अशा बॅटरीवर अर्धवटच चालू होतो आणि तापून जातो. त्यामुळे साडेचार-पाच व्होल्टला पूर्ण चालू होणारा लॉजिक लेव्हलचाच मॉसफेट घ्यावा लागतो. गेट आणि सोर्स (बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेले टोक) यांच्यामध्ये १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर हवाच, कारण तो नसला तर गेट अधांतरी राहतो आणि नुसत्या हाताच्या स्पर्शानेही मोटर फिरू शकते. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यांतून उलट्या व्होल्टेजचा झटका येतो. तो शोषण्यासाठी मोटरला समांतर शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) लागतो. काही रुपये वाचवण्यासाठी हे दोन घटक गाळलेल्या जोडण्या माझ्यासमोर आलेल्या आहेत, आणि अशी जोडणी पहिल्या दिवशी अगदी नीट चालते हीच त्यातली मोठी अडचण आहे.

ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहीत आहे ती आता सांगतो. इलेक्ट्रॉनिक स्विच बसवला म्हणजे बंदूक सुरक्षित झाली, असा समज मंडळांत पक्का होत चालला आहे आणि तो घातक आहे. जळालेली पट्टी बहुधा संपर्क सोडते, त्यामुळे बंदूक बंद पडते. क्वचितच ती चिकटून बसते. मॉसफेट जळतो तेव्हा मात्र तो बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो, आणि चापावर कोणाचेही बोट नसताना मोटर फिरू लागते. बॅटरी उलटी जोडली गेली तर मॉसफेटच्या अंगचा डायोड आणि मोटरवरचा डायोड मिळून बॅटरीलाच थेट शॉर्ट करतात. म्हणूनच बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज, उलटा बसूच शकणार नाही असा कनेक्टर आणि प्रसंग संपताच बॅटरी वेगळी करता येईल अशी बाहेरची जोडणी, या गोष्टी नसतील तर मी तरी असे काम हाती घेत नाही, आणि इतरांनीही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तेवढ्यानेही भागत नाही. देखाव्याच्या बंदुकीतून गोळी सुटण्याची मुळात गरजच काय? ०.२ ग्रॅमची गोळी १ ज्यूल ऊर्जेने सुटली तर तिचा वेग सेकंदाला १०० मीटर असतो, आणि समोर रस्त्यावर मुले खांद्यावर बसून देखावा पाहत असतात. डोळ्याला एवढा मार पुरेसा आहे. तेव्हा नुसते मॅगझिन रिकामे ठेवून समाधान मानू नये. पिस्टन, स्प्रिंग आणि सिलिंडर काढून टाकावेत आणि नळी आतून कायमची बंद करावी. कंपनासाठी मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले लहान वजन बसवले आणि नळीच्या टोकाशी एलईडी लावला की प्रसंग पुरेसा उठावदार होतो. चित्रीकरण करणाऱ्यांसाठी एक सूचना: सेकंदाला २५ फ्रेम घेणारा कॅमेरा दर ४० मिलिसेकंदांपैकी साधारण निम्मा वेळच प्रकाश टिपतो, म्हणून एलईडीची चमक निदान ४० मिलिसेकंद ठेवावी, म्हणजे ती हुकत नाही.

खऱ्या बंदुकीऐवजी प्रतिकृती वापरण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका चित्रपटाच्या तालमीत खऱ्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर तेथील काही निर्मात्यांनी खऱ्या बंदुका सेटवर आणणेच थांबवले. पण प्रतिकृतीलाही शिस्त लागते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे हे नेमबाज ज्या जिल्ह्यातून पुढे आले, त्या जिल्ह्याला ती नव्याने शिकवावी लागू नये. नेमबाजीच्या रेंजवर बंदूक वापरात नसताना तिच्यात सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याचे दाखवणारी ठळक खूण) घातलेला दिसला पाहिजे असा दंडक असतो. देखाव्यातही बॅटरी काढलेली आहे हे लांबून दिसावे आणि ते पाहण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी.

बॅटरीविषयी थोडेसे. लिपोचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरवू नये. फुगलेली बॅटरी तर मंडपात आणूच नये. कापड आणि बांबूच्या मंडपात ती रात्रभर चार्जरला लावून कार्यकर्ते झोपी जातात, हे मी पाहिले आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सर्वांनी पाहिले. त्या आगीच्या कारणाचा येथे संबंध नाही, पण रंगमंचाला आग लागली म्हणजे काय होते हे या शहराला आता सांगावे लागत नाही.

माझी विनंती नेमकी आहे. उत्सवापूर्वी कळंबा रोडवरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने किंवा शासकीय तंत्रनिकेतनाने मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि नाट्यसंस्थांच्या तंत्रज्ञांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. त्यात या बंदुका उघडून दाखवाव्यात आणि जोडणी प्रत्येकाच्या हातून करून घ्यावी. पोलीस ठाण्यांत मंडळांच्या बैठका होतातच. त्या वेळी देखाव्यातील प्रतिकृतींची नोंद घ्यावी आणि त्या मंडपाबाहेर उघड्यावर नेऊ नयेत अशी सक्त सूचना द्यावी, कारण अंधारात त्या खऱ्या बंदुकीपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. असे प्रशिक्षण ठरल्यास साहित्य पुरवायला आणि विनामूल्य शिकवायला मी तयार आहे, आणि उद्यमनगरातील माझ्या व्यवसायबंधूंनीही त्यात सहभागी व्हावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर