हलायला हवं तेवढंच हलू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ऑनलाइन वर्गासाठी विज्ञानाचे धडे ॲनिमेशनमध्ये करायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. ‘पण मला चित्रं कुठे काढता येतात?’ ही तुझी शंका मात्र मला पटत नाही. गोल, चौकोन आणि बाण काढता आले की धडा उभा राहतो. मुलं नेमकी कुठे अडतात हे तुला ठाऊक आहे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते सांगू शकत नाही.

सायकलच्या पंपाचंच बघ. दांडा वर ओढला की आत येणाऱ्या हवेची झडप उघडते आणि हवा नळकांड्यात शिरते. दांडा खाली दाबला की ती झडप मिटते, बाहेरची उघडते आणि हवा नळीत जाते. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी १९९१ साली एका सहकाऱ्याबरोबर याच पंपाचं ॲनिमेशन विद्यार्थ्यांना दाखवलं होतं. काहींना आधी निवेदन ऐकवलं आणि मग चित्र दाखवलं, काहींना दोन्ही एकदमच. एकदम पाहिलं-ऐकलं त्यांना पंपाबद्दलचे नवे, विचार करायला लावणारे प्रश्न जास्त चांगले सोडवता आले. मला यात नवल वाटत नाही. ‘झडप मिटते’ हे कानावर पडतं त्याच क्षणी ती डोळ्यांसमोर मिटली, तर आधीचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं ओझं राहत नाही. म्हणून तू आधी आवाज रेकॉर्ड कर आणि हालचाल त्या आवाजावर बसव. उलट केलंस तर चित्राच्या मागे धावत बोलावं लागतं, आणि ती घाई ऐकणाऱ्याला जाणवते.

बोलतोस तेच वाक्य पडद्यावर पुन्हा लिहू नकोस. डोळे अक्षरांकडे गेले की झडप बघायची राहून जाते. ज्यांना ऐकू येत नाही किंवा भाषा नवी आहे, त्यांच्यासाठी सबटायटल हवीतच. ती चालू-बंद करता येतील अशी दे.

आता ॲनिमेशनची खरी अडचण सांगतो. पुस्तकातलं चित्र जागेवर थांबतं, त्याच्याकडे हवा तितका वेळ बघता येतं. ॲनिमेशन मात्र निघून जातं. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्व्हर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. हालचालीचा फायदा झाला असं वाटत होतं तिथे बरेचदा ॲनिमेशनमध्ये स्थिर चित्रापेक्षा माहितीच जास्त घातलेली होती, असं त्यांना दिसलं. म्हणून थांबे ठेव. दांडा वर पोचला की सगळं गोठव, फक्त झडप लाल ठेव आणि बाकीचं करडं. मग विचार, ‘आता दांडा दाबला तर हवा कुठे जाईल?’ आणि पुढचा भाग मुलाने स्वतः बटण दाबल्यावरच सुरू होऊ दे. मला तर वाटतं, अख्ख्या व्हिडिओत शिकणं सगळ्यात जास्त होतं ते इथेच.

जे मुळात हलत नाही ते हलवू नकोस. फुलाच्या भागांची नावं शिकवायची तर एक स्वच्छ आकृती पुरे. परागनलिका बीजांडापर्यंत कशी वाढत जाते हे दाखवायचं असेल, तिथे ॲनिमेशन घे. पार्श्वसंगीत नकोच. कोपऱ्यात उड्या मारणारं पात्रही नको. मुलं त्याच्याकडे बघून हसतील, पण त्या वेळात झडप मिटून गेलेली असेल.

लांबीचं विचारलं होतंस. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोक साधारण ६ मिनिटांपर्यंतच टिकून बघत होते, आणि हाताने रेखाटत समजावलेले धडे नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवत होते. बघितलं म्हणजे समजलं असं नाही, हे तू जाणतोसच. तरी एका व्हिडिओत एकच कल्पना घेतलीस तर वेळ आपोआप आटोक्यात राहील.

साधनांची काळजी करू नकोस. पेन्सिल-टूडी किंवा सिनफिग ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तेही जड वाटलं तर कागदाचे तुकडे कापून मोबाइलने एकेक फोटो घे आणि ओळीने जोड. झडपेची उघडझाप त्यातही उत्तम दिसते.

पहिला धडा कुठला घेतोस ते कळव, आणि चित्रं काढायच्या आधी नुसतं निवेदन रेकॉर्ड करून पाठव. मी डोळे मिटून ऐकेन आणि कुठे चित्रावाचून अडलं ते मिनिट-सेकंदासह लिहून पाठवेन. तेवढ्याच जागा आपण आधी काढायला घेऊ.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र