नव्या करारांइतकंच जुन्या वसाहतींच्या पाणी-विजेकडेही पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यासाठी सुमारे २० हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, एथर आणि जेएसडब्ल्यू या कंपन्यांचीही नावं बिडकीनच्या नव्या औद्योगिक क्षेत्राशी जोडली गेली. मराठवाड्यातल्या प्रत्येकाला आनंद व्हावा अशाच या बातम्या. पण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगचं (प्लास्टिक वितळवून साच्यात घालण्याचं) छोटं युनिट चालवणारा म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मोठा कारखाना सबस्टेशन, पाण्याच्या टाक्या, सांडपाणी प्रक्रिया यांची सोय स्वतःपुरती करून घेऊ शकतो. त्याला सुटे भाग पुरवणारे आम्ही मात्र वसाहतीत येणाऱ्या तारेवर आणि नळावरच अवलंबून असतो. १९८५ मध्ये बजाजचा प्रकल्प आला आणि वाळूज उभं राहिलं, ते अशाच शेकडो लहान गाळ्यांच्या बळावर.

वीज पाच मिनिटं गेली तर बाहेरच्याला वाटतं, पाचच मिनिटं काम थांबलं. मोल्डिंग मशीनवर तसं नसतं. हीटर बंद पडतात, बॅरलमधला, म्हणजे मशीनच्या तापत्या नळकांड्यातला, वितळलेला माल जागच्या जागी थांबतो. नायलॉन असेल तर नोझल, म्हणजे माल साच्यात सोडणारं तोंड, गोठतं. पीव्हीसी असेल तर गरम बॅरलमध्ये तो जळायला लागतो, त्यातून निघणारा आम्लयुक्त वायू माल पुढे ढकलणारा स्क्रू खातो. वीज आल्यावर तापमान पुन्हा चढवायचं, जुना माल पर्जिंग करून (बॅरलमधून बाहेर ढकलून) काढायचा, मोल्ड म्हणजे साचा स्थिर होईपर्यंत निघालेले नग स्क्रॅपमध्ये टाकायचे. पाच मिनिटांचा तासभर कसा होतो ते ऑपरेटरला विचारा. तिकडे कंपनीची लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, येते ती वेगळीच. जनरेटर लावावा तर लिटरभर डिझेलमधून साडेतीन युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे एक युनिट पंचवीस रुपयांच्या घरात पडतं. लहान उद्योगाचा नफा तिथेच संपतो.

पाण्याचा प्रश्न आणखी खोल आहे. वाळूजचे कारखाने जायकवाडीवर चालतात. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणातला जिवंत साठा संपला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात झाली, इतर उद्योगांचंही पाणी कमी केलं गेलं. ते योग्यच होतं. पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, मग शेतीचा, उद्योगाचा त्यानंतर. २०११ मध्ये सरकारनेच हा क्रम ठरवला. पण म्हणूनच कारखान्यांचा जायकवाडीवरचा भार कमी व्हायला हवा. शहराचं सांडपाणी कांचनवाडीच्या केंद्रात रोज शुद्ध होतं. थंड करण्याच्या आणि धुण्याच्या कामाला त्यावर थोडी पुढची प्रक्रिया केलेलं पाणी चालतं. ते वाळूजपर्यंत आणणारी स्वतंत्र जलवाहिनी पुढचा दुष्काळ येण्याआधीच टाकायला हवी.

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत वीजतारा आणि जलवाहिन्या जमिनीखाली आहेत, सांडपाण्याच्या पुनर्वापराची सोय आराखड्यातच आहे, वीजवितरणही टाउनशिपच करते. ते अभिमानास्पद आहे. मात्र नव्या प्रकल्पांना लागणारे बरेचसे सुटे भाग वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या जुन्या वसाहतींतूनच जाणार आहेत. इथल्या जलवाहिन्या आणि फीडर (सबस्टेशनमधून वसाहतीत येणाऱ्या वीजवाहिन्या) बदलण्यासाठी वेगळा निधी आणि ठरलेली मुदत हवी.

तोवर निदान एक काम लगेच होऊ शकतं. प्रत्येक औद्योगिक वसाहतीची माहिती दरमहा जाहीर करावी: कोणता फीडर किती वेळा आणि किती वेळ बंद होता, क्षणभर वीज जाण्याचे (ट्रिपिंगचे) प्रकारही धरून; मंजूर पाणी किती, प्रत्यक्ष मिळालं किती; सामायिक सांडपाणी प्रकल्पाची क्षमता किती शिल्लक आहे. जागा घेण्याआधी नव्या उद्योजकाला हे पाहता आलं पाहिजे आणि आम्हाला ते संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवता आलं पाहिजे. उद्योजकांच्या अडचणी ऐकणाऱ्या जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत हा तक्ता पहिला विषय म्हणून घ्यावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

– एक लघुउद्योजक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर