काका, तुमच्या तिकिटाबद्दल

ती. काका,
सा. नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागले की तुम्ही "चहा टाकतो" म्हणून उठता. म्हणून हे पत्र चारचौघांत, जाहीर. मेलबर्नच्या मराठी मंडळींत निम्म्यांना तुम्ही ठाऊक आहातच, गणपतीच्या आरतीला लाल-पांढरा-निळा लोकरी स्कार्फ घालून उभे राहणारे काका म्हणून. पण २०१६च्या ग्रँड फायनलचं तुमच्या वाट्याला आलेलं तिकीट तुम्ही वापरलं नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलंत, हे फार जणांना माहीत नाही. ते दुसरं कुणी म्हणजे मी.

ज्यांना फूटीचं, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, काही सोयरसुतक नाही, त्यांना यात एवढं काय वाटेल. त्यांच्यासाठी सांगते. आपला क्लब, म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज, पूर्वीचा फुट्सक्रे, १९२५ साली मोठ्या लीगमध्ये आला. १९५४ मध्ये पहिल्यांदा चॅम्पियन झाला. १९६१ मध्ये फायनल हरला, आणि मग पुढची ५५ वर्षं फायनलचं तोंडही पाहिलं नाही. त्यातली साधारण चाळीस वर्षं तुम्ही मैदानावर होतात.

परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून तुम्ही थेट न्यूपोर्टच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आलात, सत्तरच्या दशकात. बरोबरीच्या फिटर लोकांनी पहिल्याच शनिवारी तुम्हाला वेस्टर्न ओव्हलवर नेलं. तिथलं अंगात शिरणारं वारं, हातात बिअर, तोंडात शिव्या. "गिरणगावच होतं गं ते," असं तुम्ही म्हणता. कारखान्यांची वस्ती, पैसा कमी, आणि आपल्या भागाचा क्लब म्हणजे घरचं कार्य. मला हे पटायला वेळ लागला. नाशिकहून आलेल्या मुलीला मेलबर्न म्हणजे एमसीजी आणि एमसीजी म्हणजे क्रिकेट एवढंच ठाऊक. या खेळाचे नियम पहिल्यांदा कागदावर उतरले ते १८५९ साली, आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून असा खेळ हवा हे टुमणं लावणारा टॉम विल्स स्वतः क्रिकेटपटू होता, हे तुम्ही मला पहिल्या भेटीत ऐकवलंत. मासा बरोबर गळाला लागला.

तुम्ही शिकवलंतही किती बेताने. चार खांब, मधल्या दोघांतून बॉल गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर एक. अठरा जण. लाथ मारा नाहीतर मुठीने ठोसून द्या, फेकायचा नाही. बस. बाकी नियम "आपोआप कळतील", आणि नाही कळले तर शेजारचे लोक "बॉऽऽल!" म्हणून ओरडतील तेव्हा आपणही ओरडायचं. ओरडले. कशासाठी ते पुढच्या सीझनला कळलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही नेटाने शिकवलीत. डॉकलंड्सच्या स्टेडियमवर वरच्या मजल्यावर आपण बसायचो, काकूंचा चिवड्याचा डबा मांडीवर, तुमच्या एका कानात ट्रान्झिस्टरची वायर. मी बॉलच्या मागे मान फिरवत राहायचे. तुम्ही दंडाला धरून म्हणालात, "बॉल बघू नकोस. ज्याच्याकडे बॉल नाही तो कुठे धावतोय ते बघ." तेव्हापासून मला खेळ दिसायला लागला. २०१६चे बुलडॉग्ज बघायला तर हीच नजर हवी होती. त्यांच्याकडे उंच, धिप्पाड माणसं थोडी. पण एकाने गर्दीत पडून बॉल काढला की दुसरा बाजूने आलेलाच असायचा, त्याच्या मागे तिसरा. ठोस, ठोस, ठोस, आणि मग जेसन जोहानिसन सुटायचा. गर्दीतून बॉल मोकळा व्हायच्या आधीच तुम्ही पुटपुटायचात, "गेला आता." आणि तो जायचा.

त्या सीझनची सुरुवात आठवते का? तिसऱ्याच राउंडला हॉथोर्नशी तीन पॉइंटने हरलो, आणि शेवटच्या मिनिटांत कॅप्टन बॉब मर्फीचा गुडघा गेला. २०००पासून या क्लबसाठी खेळणारा माणूस, वर्षच संपलं त्याचं. तुम्ही वायर कानातून काढलीत आणि गाडी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. जुलैत सेंट किल्डाविरुद्ध मिच वॉलिसचा पाय मोडला, त्याच मॅचमध्ये जॅक रेडपाथचा गुडघा. इतकी माणसं जायबंदी असताना १५ मॅच जिंकून सातवं येणं आणि बाद फेरी (इथे तिला फायनल्स म्हणतात) गाठणं हीच मोठी गोष्ट होती. सातव्या नंबरवरून त्याआधी कुणी चॅम्पियन झालं नव्हतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फायनल्सला एक-दोन आठवडे जास्त फूटी बघायला मिळेल. पुरे."

मग सप्टेंबर आला. पर्थची मॅच गुरुवारी, ८ तारखेला, ऐन गणपतीत. वेस्ट कोस्टला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवणं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, आणि पोरांनी ४७ पॉइंटने हाणलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी एमसीजीवर हॉथोर्न, सलग तीन वर्षांचे चॅम्पियन. तुम्हाला नेमका ताप. मी आणि काकू गेलो, तुम्ही घरी राहिलात, आणि आपण २३ पॉइंटने जिंकलो. झालं! तुमच्या डोक्यात हिशोब पक्का झाला.

हिशोब असा, की १९८५, ९२, ९७, ९८, २००८, ०९, १० अशा सात सेमीफायनल (इथे तिला प्रिलिमिनरी म्हणतात) आपण हरलो आणि सातही तुम्ही मैदानावर बसून पाहिल्या. ९७ची तर दोन पॉइंटने. हाफटाइमला ३१ने पुढे असताना. आपल्या टोनी लिबरटोरने गोल झाला म्हणून हात वर केले आणि अंपायरने एकच पॉइंट दिला, ते सांगताना तुमचा आवाज अजून बदलतो. म्हणून सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध झालेल्या प्रिलिमिनरीला तुम्ही साफ नकार दिलात. हजारो लोक बसने, गाड्यांनी रात्रभर प्रवास करून गेले. तुम्ही घरच्या घरी पाठ फिरवून ऐकलीत. जॅक मॅक्रेच्या गोलने पुढे गेलो आणि सहा पॉइंटने जिंकलो.

ग्रँड फायनलचं तिकीट मेंबरांच्या बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, तुम्हाला लागलं. परेडच्या दिवशी, शुक्रवारी, सुट्टी होती, तुम्ही दारात आलात आणि पाकीट माझ्या हातात ठेवलंत. मी नाही म्हटलं. काकूही बोलल्या, की वेड लागलंय का, आयुष्यभर यासाठीच तर थांबलात. तुम्ही म्हणालात, "मी गेलो की पनवती. पोरांना जिंकू दे." मी विज्ञानाची पदवीधर बाई, पण खरं सांगते, मला त्या क्षणी वाद घालायची छाती झाली नाही.

१ ऑक्टोबर. समोर सिडनी स्वान्स, सिडनीचा दुसरा क्लब. ९९,९८१ माणसं. तुमच्या जागेवर मी. डावीकडे एक आजीबाई होत्या, त्यांनी १९५४ची फायनल वडिलांच्या खांद्यावरून पाहिली होती. हाफटाइमला सिडनी दोन पॉइंटने पुढे. मी घरी फोन लावला तर काकू म्हणाल्या, "ते अंगणात आहेत, कढीपत्त्याला पाणी घालतायत. त्यांना काही सांगायचं नाही असं सांगितलंय." तिसऱ्या क्वार्टरअखेर आपण आठने पुढे. आणि मग शेवटच्या क्वार्टरमधलं ते.

सिडनीच्या लान्स फ्रँकलिनकडे बॉल. आपल्या डेल मॉरिसने मागून त्याला गाठून आवळला. (मॉरिसच्या पाठीच्या मणक्याला तेव्हा फ्रॅक्चर होतं, हे नंतर कळलं.) बॉल निसटला. तुमचं ऐकून मी बॉलकडे न बघता पलीकडे बघत होते, म्हणून मला आपला टॉम बॉइड आधी दिसला. लांब पडेल त्या बेताने त्याने मारलेली लाथ, समोर कुणी नाही, बॉल टप्पा खाऊन आत. एवढ्या पैशांचं काँट्रॅक्ट दिलं म्हणून दोन वर्षं ज्याच्या नावाने खडे फोडले, त्याच्यासाठी अख्खं स्टॅंड उभं. आजीबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. शेवटी लिअम पिकनचा गोल, आणि ८९–६७. जोहानिसनला सर्वोत्तम खेळाडूचं मेडल. ९७ साली हात वर करून उभ्या राहिलेल्या लिबरटोरचा मुलगा टॉम गळ्यात मेडल घालून फिरत होता, ते मी खास तुमच्यासाठी डोळे भरून पाहिलं.

बक्षीस समारंभात कोच ल्यूक बेव्हरिजने स्वतःच्या गळ्यातलं मेडल काढलं, दुखापतीने बाहेर बसलेल्या बॉब मर्फीला स्टेजवर बोलावलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. आजूबाजूला मोठमोठे बाप्ये हमसून रडत होते. मला तुम्ही आठवलात. तिथे असायला हवं होतं असा माणूस तिथे नव्हता, आणि त्याच्याच जिवावर मी तिथे होते.

रात्री फुट्सक्रेला आले तर बार्कली स्ट्रीटवर चालायला जागा नव्हती. डोशाच्या हॉटेलातले कूक एप्रन घालून बाहेर. तुम्ही व्हिटन ओव्हलच्या, म्हणजे जुन्या वेस्टर्न ओव्हलच्या, फाटकाशी, क्लबचा जुना दिग्गज टेड व्हिटनच्या पुतळ्याजवळ भेटलात. १९८९ साली लीगने क्लब बंद करून फिट्झरॉयमध्ये मिसळायचं ठरवलं, तेव्हा याच मैदानात लोकांची सभा भरली होती. तीन आठवड्यांत पैसे उभे करायचे होते, आणि तुम्ही वर्कशॉपच्या फाटकावर डबा वाजवत उभे होतात. त्या वर्षीची मुंबईवारीही रद्द केलीत. हे मला काकूंनी त्या रात्री तिथेच सांगितलं. तुम्ही असल्या गोष्टी स्वतः कशाला सांगाल? तुम्ही मला एवढंच विचारलंत, "बॉइडचा गोल दिसला का नीट?"

काका, या देशात मला नोकरी कंपनीने दिली, व्हिसा सरकारने दिला. पण सोमवारी सकाळी ऑफिसात कुणाशी काय बोलायचं, ट्रेनमध्ये स्कार्फ घातलेल्या अनोळखी माणसाला मान का हलवायची, हरल्यावर कुणाच्या घरी जाऊन बसायचं, हे सगळं तुमच्यामुळे. त्याबद्दल मनापासून आभार. तिकिटाबद्दलचे वेगळे.

आता एक वाद मिटवायचाय. २०२१ची फायनल पर्थला झाली, आपण सगळे लॉकडाउनमध्ये. तुम्ही घरीच होतात, पाठ फिरवून, कढीपत्त्यापाशी. तरी मेलबर्नने ७४ पॉइंटने धुतलंच ना? तेव्हा पनवतीचा सिद्धांत निकालात निघाला असं मी धरते. पुढच्या ग्रँड फायनलला बॅलटमध्ये माझा नंबर लागला, तर जायचं तुम्ही. चिवडा काकू देतील, कुंड्यांना पाणी मी घालीन.

तुमची,
मागच्या गल्लीतली नाशिकवाली