तुझ्या कादंबरीतल्या खोट्या कागदाबद्दल

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

सहाही प्रकरणं वाचली. रेणू आणि तन्वी आवडल्या, खोटा कागद पटला नाही. आधी त्याचंच लिहिते, कारण सगळी गाठ तिथंच सुटते.

तू लिहिलंयस की कॉलेजातल्या सरांनी जुन्या कोऱ्या पानावर मोडी पत्र लिहिलं आणि 'शाई नवी दिसते' म्हणून तन्वीने ते ओळखलं. नवी म्हणजे कशी? मोडीची शाई काजळाची, डिंकात घोटलेली. काजळ उडत नाही, म्हणून अडीचशे वर्षांचं खरं पत्रही काळंभोर असू शकतं. भिंग घडीवर धरायला लाव. खरं पत्र आधी लिहिलं जातं, घडी नंतर पडते, त्यामुळे घडीवर अक्षर तडकतं आणि शाईचे कण झडतात. बनावट कागदात घडी आधीची. कागदाला लावलेली खळ तिथं गेलेली असते, मग नवी शाई तंतूंत शिरून फुटते, अक्षराला बारीक मिशा आल्यासारख्या. असं एकच अक्षर दाखव, पुरे.

त्याहून पक्का पुरावा तारखेचा. मोडी पत्रांत शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली कालगणना, असतो, तोही अरबी शब्दांत: सलास म्हणजे 3, अर्बा 4, सबैन 70, मया 100, अलफ 1000. हा सन जूनमध्ये, मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला इसवी सन काढताना 599 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत 600. तुझे सर घाईत सरसकट 600 धरतील. 1773च्या भाद्रपदातलं पत्र बनवताना ते 1173 काढतील आणि 'सलास सबैन मया अलफ' लिहितील. हवं होतं 'अर्बा सबैन', 1174. घडीवर वाद घालता येईल, यावर नाही. हे तन्वीने परीक्षेच्या आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी करून शोधावं.

आता जागा. धुक्याचा, दगडी मनोऱ्यांचा परदेशी माल उचलू नकोस. आपल्याकडे अंधार मे महिन्यातल्या भर दुपारी असतो: पारा पंचेचाळिशीला, ग्रंथालयाच्या खिडक्या बंद, भारनियमन, डांबरगोळ्यांचा वास, आणि जुनं पान उलगडायला जावं तर घडीवर कट्‌कन मोडणारं. पावसाळ्यात उलट, कसर लागते.

धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, नाव घेऊन गुन्हा तिथं घालू नकोस. त्यांचा इतिहास मात्र जवळ ठेव. इतिहासकार वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. तत्त्वज्ञान मंदिर 1916चं. तुझं कॉलेज कल्पनेतलंच असू दे. कादंबरीतल्या गुप्त मंडळाला नाव हवंय ना? चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या सोईदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी जुन्या मराठीवर येतो. 'पाटणचा मठ' असं नाव ठेव. हा चांगदेव म्हणजे संत चांगदेव नव्हे, हे एका वाक्यात सांगून टाक, नाहीतर मुक्ताईनगरकडचे वाचक तुला सोडणार नाहीत.

रेणू-तन्वीच्या प्रेमाच्या चिठ्ठ्यांत तू सोन्यासारखी संधी घालवलीस. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं: 'मी आले', 'वाट बघते'. पण 'मी वाचलं', 'तू पाठवलंस', 'मी येईन', 'तू भेटशील', 'तुझी आठवण येते' यांत काहीच कळत नाही. रेणूने मुद्दाम असंच लिहावं. 'आवडतेस' हा शब्द तिला कधीच लिहिता येणार नाही, आणि ते तन्वीला कळतं. चिठ्ठी हाती लागली की रेक्टरबाई मुलांच्या वसतिगृहात एखादा मुलगा शोधत बसतील. मग तिसरी, बनावट चिठ्ठी येते, तिच्यात 'वाट बघतो'. ज्याने बनवली त्याला लिहिणारा मुलगाच वाटतोय! खोटं पत्र आणि खोटी चिठ्ठी एकाच माणसाची, हे तिथं जुळतं. मात्र निवेदनात दोन 'ती' एका वाक्यात घालू नकोस. 'ती तिच्याकडे बघत राहिली' यात कोण कुणाकडे बघतंय? नाव घे, नाहीतर 'ही' वापर. आणि एकांतात रेणूला अहिराणीत बोलू दे. 'मी शे ना' (मी आहे ना) एवढंच म्हणाली तरी चालेल.

धमकीचं एक राहिलं. कथा 2019ची आहे आणि सर 'केस होईल' म्हणतात. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा कलम 377बद्दलचा निकाल 6 सप्टेंबर 2018चा. दोन सज्ञान मुलींना ही भीती दाखवली तर वाचक हसेल. 'तुझ्या घरी फोन करतो' म्हणू दे, खरी भीती तीच आहे. दोघी दुसऱ्या वर्षाला आहेत, तर वय एकोणीस असं पहिल्याच प्रकरणात येऊ दे. आणि शेवटी रेणूला विहिरीत टाकायचा बेत रद्द कर. अशा जोडीतली एक मरतेच, हे वाचक पहिल्या पानापासून धरून बसलेला असतो. विहिरीत दप्तराचा रुमाल, म्हणजे जुने कागद बांधायचं फडकं, सापडू दे, रिकामा.

सातवं प्रकरण आलं की त्यातल्या तारखा मी तपासून देते.

तुझी,
आई