जीवनकहाण्यांना नुसते किस्से म्हणू नका

संपादक महोदय,

समाजशास्त्रातलं संशोधन म्हणजे सर्व्हे आणि टक्केवारी, आणि माणसाची आख्खी जीवनकहाणी ऐकून केलेला अभ्यास म्हणजे किस्से, हे मला अजिबात पटत नाही. थॉमस आणि झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांचा पोलिश शेतकऱ्यांच्या स्थलांतरावरचा अभ्यास १९१८ ते १९२० मध्ये आला, त्यात एका स्थलांतरिताचं आत्मचरित्र चांगलं सविस्तर छापलंय. घर का सोडलं, मधे काय बिनसलं, हे हो-नाहीच्या फॉर्ममध्ये मावतच नाही हो! आठवणी चुकतात हे खरंय, पण म्हणूनच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बर्तो यांनी फ्रान्समधल्या बेकरीवाल्यांच्या एकामागून एक कहाण्या घेतल्या, आणि तेच तेच पुन्हा यायला लागलं तेव्हा दिसलं की हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही, त्या धंद्याची रचनाच तशी आहे. विद्यापीठांनी ही पद्धत नीट शिकवावी, सांगणाऱ्याची परवानगी घेण्यासकट.

एक वाचक