हॅमस्टरला ‘छोटासा पिंजरा’ पुरत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी घरी आणता येतील अशा लहान पाळीव प्राण्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख एरवी उपयुक्त असला, तरी त्यातील हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याविषयीचा परिच्छेद वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. हॅमस्टर जागा अडवत नाही, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल असा छोटासा पिंजरा त्याला पुरतो, असे लेखकाने सहज लिहून टाकले आहे. बडोद्यातील दुकानदारही नेमके हेच सांगतात आणि रंगीत प्लॅस्टिकचा तळ, वर तारेची जाळी, आत एक चाक व पाण्याची बाटली असा तयार संच प्राण्यासोबतच गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतात. प्राणी मुठीएवढा म्हणून त्याची जागाही तेवढीच, हा हिशेब मुळात चुकीचा आहे.

आपल्याकडे सर्रास मिळतो तो सिरियन किंवा सोनेरी हॅमस्टर. 1930 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ एका शेतातील बीळ खणून एक मादी व तिची पिल्ले मिळवली, आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच पिल्लांचे वंशज मानले जातात. म्हणजे हा प्राणी माणसाच्या सहवासात येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याच्या सवयी रानातल्याच आहेत. दिवसा जमिनीखाली झोपावे, अंधार पडला की बाहेर पडून दाणे गोळा करावेत, गालांतील पिशव्यांत भरून बिळात नेऊन साठवावेत, हा त्याचा दिनक्रम. तुर्कस्तान व सीरियाच्या सीमाभागातील अशा बिळांची संशोधकांनी मापे घेतली, तेव्हा ती सरासरी सुमारे 65 सेंटिमीटर खोल भरली, आणि एकाही बिळात एकाहून अधिक प्रौढ प्राणी आढळला नाही. पिंजरा निवडताना या दोन गोष्टी डोळ्यांसमोर असल्या, तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम तळाच्या जागेविषयी. जर्मनीतील प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने एका हॅमस्टरसाठी किमान 100 सेंमी लांब, 50 सेंमी रुंद व 50 सेंमी उंच जागा सुचवली आहे. आपल्या दुकानांत ‘मोठा’ म्हणून दाखवला जाणारा पिंजरा टेप लावून मोजला, तर तळ 45 बाय 30 सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे या किमान मापाच्या जेमतेम पाव हिस्सा. दुकानदार मग मजले मोजून दाखवतो. मजले, शिड्या आणि गच्च्या माणसाला आकर्षक वाटतात खऱ्या, पण हॅमस्टर हा जमिनीवरचा आणि जमिनीखालचा प्राणी आहे. त्याची नजर अधू असते, उंचीचा अंदाज त्याला येत नाही आणि वरच्या मजल्यावरून पडून पाय मोडण्याचे प्रकार घडतात. मजल्यांची जागा तळाच्या जागेत धरू नये. प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून केलेले पिंजरेही तितकेच निरुपयोगी, कारण नळीत हवा खेळत नाही, आत दमटपणा साचतो आणि गाल भरलेला मोठा हॅमस्टर तिच्यात अडकू शकतो.

तळाच्या मापापेक्षाही अधिक दुर्लक्ष होते ते तळावर पसरायचा थर किती खोल असावा याकडे. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सोनेरी हॅमस्टरांना लाकडाच्या किसाच्या 10, 40 आणि 80 सेंमी खोल थरावर ठेवले होते. 10 सेंमीच्या गटातील प्राणी पिंजऱ्याच्या तारा लक्षणीय प्रमाणात अधिक कुरतडत होते, तर 80 सेंमीच्या गटात तार कुरतडणे एकदाही दिसले नाही. घरोघरी काय दिसते ते पाहावे: रात्री दिवा मालवला की दातांचा करकर आवाज सुरू होतो, आणि काही दिवसांत नाकाच्या वरच्या बाजूचे केस घासून जाऊन तिथे गुलाबी चट्टा उघडा पडतो. घरची मंडळी त्याला दात घासायची सवय म्हणतात. दात आयुष्यभर वाढतात आणि झिजावे लागतात हे खरेच, पण त्यासाठी लाकडाचा तुकडा पुरतो. एकाच जागी तास-तास तार चावत राहणारा प्राणी बाहेर पडण्याची वाट शोधत असतो. तयार पिंजऱ्यांच्या तळाची कड चार-पाच बोटे उंच असते, त्यामुळे त्यात खोल थर घालताच येत नाही. निदान एका बाजूला 25 सेंमी थर राहील एवढी बंद कड असलेला पिंजरा घ्यावा. 40 सेंमी जमल्यास उत्तम.

थर कशाचा, हेही महत्त्वाचे. वखारीतून फुकट मिळणारा बारीक भुसा नाकात जाऊन श्वसनाचे विकार होतात, आणि देवदारासारख्या सुगंधी लाकडाचा कीस तर मुळीच वापरू नये. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि कोरडे गवत एकत्र केले की बोगदे चांगले टिकतात. (छापील कागद टाळलेला बरा, संपादक महोदयांनी गैरसमज करून घेऊ नये.) गादीसाठी म्हणून विकला जाणारा कापूस दिसायला मऊ असला, तरी त्याचे धागे पायांना गुंडाळले जातात आणि पोटात गेल्यास आतड्यात अडकतात.

हे सारे वाचून खर्चाची धास्ती घेण्याचे कारण नाही. 8 बाय 4 फुटांच्या प्लायच्या एका चौथाईतून 4 बाय 2 फुटांचा तळ निघतो, आणि आपल्या शहरातील कोणताही सुतार दोन फूट उंचीची, पुढे खाली फूटभर फळी व वर सरकती काच असलेली पेटी करून देईल. दार पुढूनच असावे, कारण वरून येणारा हात या प्राण्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. झाकणाला तारेची जाळी हवी, पण बाजारात सहज मिळणारी अर्ध्या इंचाची जाळी घेऊ नये. त्या फटीतून ड्वार्फ म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान जाती आणि सोनेरी हॅमस्टरची पिल्लेसुद्धा निसटतात. पाव इंचाची मागावी. डासांची नायलॉन जाळी तर तो एका रात्रीत कापतो. साठवलेल्या दाण्यांवर मुंग्या येतातच, त्यासाठी पेटीला पाय लावून पूर्वी दुभत्याच्या कपाटाखाली ठेवत तशा पाण्याच्या वाट्या पायांखाली ठेवाव्यात. कीटकनाशक खडू तिच्या जवळपासही फिरवू नये.

चाकाबद्दल थोडेच लिहितो. सोनेरी हॅमस्टरला 28 सेंमीच्या आसपास व्यासाचे आणि धावण्याचा पृष्ठभाग सलग असलेले चाक लागते. लहान जातींना 20 सेंमीचे चालते. संचासोबत येणाऱ्या छोट्या तारेच्या चाकात प्राणी धावत असताना त्याच्याकडे बाजूने पाहावे, पाठ उलटी वाकलेली स्पष्ट दिसते.

यापुढचा मुद्दा आपल्या हवेचा आहे आणि परदेशी पुस्तकांत तो पुरेसा येत नाही. हॅमस्टरला साधारण 18 ते 24 अंश तापमान मानवते. बडोद्यात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. अशा वेळी माशांची जुनी काचेची टाकी आडव्या जागेच्या दृष्टीने कितीही सोयीची असली, तरी तिच्यात वारा फिरत नाही. झाकणाऐवजी पूर्ण जाळी असेल आणि खोली गार राहत असेल तरच ती वापरावी. पश्चिमेची गॅलरी आणि खिडकीचा कठडा या जागा तर वर्ज्यच. पेटीत बिनझिलईची मातीची कुंडी आडवी ठेवावी, शेजारी कोटा फरशीचा एक तुकडा टाकावा. दुपारी प्राणी आपणहून तिथे जाऊन पडतो. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. पावसाळ्यात उलट अडचण येते, थर दमट होऊन साठवलेले दाणे बुरसतात, म्हणून ते अधूनमधून काढावेत. पण सगळा थर एकदम बदलू नये, कारण त्याच्या वासावरच त्याला आपले घर ओळखू येते. तो एकाच कोपऱ्यात लघवी करतो, तेवढा कोपरा साफ केला की बहुतेक काम होते. थंडीची आपल्याकडे फारशी काळजी नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा, ती म्हणजे जोडी. एकटा प्राणी कंटाळेल, बिचाऱ्याला सोबत हवी, या सद्भावनेने आपल्याकडे दोन हॅमस्टर घेतले जातात आणि दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. सोनेरी हॅमस्टर वयात आला की दुसऱ्याला आपल्या हद्दीत सहन करत नाही. भांडण एखाद्याचा जीव जाईपर्यंत चालू शकते. नर-मादी असतील तर अवघ्या सोळा-सतरा दिवसांत पिल्ले होतात आणि प्रश्न आणखी वाढतो. पिंजरा कितीही मोठा असो, त्यात एकच प्राणी ठेवावा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे आज त्याचा धाक कोणाला वाटावा? 2018 च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांनी दुकानांना राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक केली, हे चांगलेच झाले. पण गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या पिंजऱ्याचे माप पाहायला कोणी येत नाही. ते पाहण्याचे काम विकत घेणाऱ्यानेच करायचे आहे, आणि तेही प्राणी घेण्यापूर्वी: आधी पेटी तयार करावी, तिची जागा ठरवावी, आठवडाभर दुपारी त्या जागी तापमापक ठेवून पाहावा, आणि मग दुकानाची पायरी चढावी.

आपल्या वृत्तपत्रास विनंती एवढीच, की पुढील रविवारच्या पुरवणीत त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी आणि तळाचे किमान माप, थराची खोली व चाकाचा व्यास हे तीन आकडे ठळकपणे द्यावेत. सुट्टीचा बराच काळ अजून बाकी आहे आणि लेख वाचून दुकानात जाणारे पालक या आठवड्यातही असणार.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा